मोटारीतला रेडिओ आणि खरखरीचा शोध

टेबलावर उत्तम चालणारा रेडिओ मोटारीत बसवला, की खरखरू लागतो. तोच रेडिओ काढून पुन्हा टेबलावर ठेवला, की पहिल्यासारखा स्वच्छ वाजतो. मग दोष कुणाचा? रेडिओचा म्हणावा, तर टेबलावर तो निर्दोष आहे. मोटारीचा म्हणावा, तर मोटारही सुरळीत धावते आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मोटारीत रेडिओ बसवू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हे कोडे होते. ते सोडवताना तंत्रज्ञांना एक गोष्ट उमगली. दोष पुष्कळदा कोणत्याही एका वस्तूत नसतो. तो दोन वस्तूंच्या शेजारात असतो. पुढे टेपरेकॉर्डर आले, स्टीरिओ आले, रस्ता दाखवणारी यंत्रे आली. पण प्रत्येक वेळी हाच धडा नव्याने गिरवावा लागला. या लेखात आपण त्या धड्याचा इतिहास पाहणार आहोत.

ठिणगीच्या घरात रेडिओ

हाइनरिश हर्ट्झ याने १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या, त्या ठिणगीच्या साहाय्याने. दोन धातूच्या गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी पडली, की विद्युतप्रवाह अतिशय थोड्या वेळात प्रचंड वेगाने बदलतो आणि त्यातून लहरी बाहेर पडतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात दाखवलेल्या प्रयोगांत लहरींचा उगम ठिणगीच होता. मार्कोनीचे सुरुवातीचे प्रक्षेपकही ठिणगीवरच चालत.

आता पेट्रोलच्या इंजिनाकडे पाहू. चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी ज्वलनव्यवस्था विकसित केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत ती विजेच्या स्टार्टरसह आली. या व्यवस्थेत इग्निशन कॉइल बॅटरीच्या थोड्या व्होल्टांपासून दहा-वीस हजार व्होल्ट तयार करते आणि स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे चतुर्घात इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यास दोन, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्लगपर्यंत जाणाऱ्या लांब तारा या लहरी बाहेर फेकायला आयत्याच हजर असतात. थोडक्यात, प्रत्येक मोटार म्हणजे हर्ट्झचा एक चालताफिरता प्रक्षेपक. अशा प्रक्षेपकापासून हात-दोन हातांवर दूरच्या केंद्राचे अत्यंत क्षीण संदेश टिपणारा ग्राहक ठेवायचा, असा हा बेत होता.

शिकागोतील दोन भाऊ

अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नोव्हेंबर १९२० मध्ये नियमित प्रसारण सुरू केले आणि पुढील दहा वर्षांत रेडिओ घरोघर पोहोचला. शिकागोत पॉल गॅल्व्हिन आणि त्यांचे बंधू जोसेफ यांनी सप्टेंबर १९२८ मध्ये एक छोटा कारखाना सुरू केला. त्यांचा माल होता 'बॅटरी एलिमिनेटर', म्हणजे बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालवण्याचे साधन. पण थोड्याच काळात थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले आणि या साधनाची गरज उरली नाही. त्यात १९२९ ची मंदी आली. कारखाना टिकवायचा, तर नवे काहीतरी हवे होते.

गॅल्व्हिन यांनी मोटारीतल्या रेडिओचा मार्ग धरला. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे तरुण तंत्रज्ञ या कामाशी जोडलेले होते. जून १९३० मध्ये रेडिओ उत्पादकांचे संमेलन अटलांटिक सिटी येथे होते. गॅल्व्हिन यांच्याकडे तिथे दालन नव्हते, म्हणून रेडिओ बसवलेली आपली मोटार त्यांनी बाहेर उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. त्या संचाचे नाव '५टी७१', किंमत ११० ते १३० डॉलर. फोर्डची मॉडेल ए मोटार तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही किंमत केवढी होती ते कळेल. या रेडिओला त्यांनी 'मोटोरोला' हे नाव दिले. १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्ट यांचा 'ऑटोसुपर एएस ५' हा संच आला.

हे संच मोटारीसोबत येत नसत. मागाहून बसवून घ्यावे लागत. ग्राहकपेटी एका जागी, ध्वनिक्षेपक दुसऱ्या जागी, तर व्हॉल्वना लागणारा शंभराहून अधिक व्होल्टचा दाब देणाऱ्या कोरड्या बॅटऱ्या पायाखालच्या फळ्यांखाली, अशी मांडणी असे. अँटेना छताच्या अस्तरात दडवावा लागे. म्हणजे रेडिओ विकणे हे अर्धेच काम. बसवणे हे खरे काम. आणि सगळे बसवून इंजिन सुरू केले, की खरखर सुरू होई.

उगम, मार्ग आणि ग्राहक

ही खरखर हटवण्याची जी पद्धत त्या काळी रूढ झाली, ती आजही अभ्यासण्याजोगी आहे. तिचा गाभा तीन प्रश्नांत सांगता येईल. उपद्रव कुठे जन्मतो? तो कोणत्या मार्गाने येतो? आणि तो कोण झेलतो? उगम, मार्ग आणि ग्राहक यांपैकी एक जरी दुवा तोडला, तरी खरखर थांबते.

उगम ओळखण्यासाठी कानच पुरेसा असे. टकटक आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होत असेल, तर तो ठिणग्यांचा. वेगाबरोबर चढत जाणारी शिटी असेल, तर ती डायनामोची. इंजिन बंद करून मोटार उतारावर नुसती घरंगळत असतानाही खरखर राहिली, तर उगम इंजिनात नाहीच. कोरड्या रस्त्यावर टायरांच्या घर्षणाने साठणाऱ्या स्थिर विद्युतभाराचे ते काम. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस विद्युतरोधक असल्यामुळे हा भार गाडीच्या अंगात सावकाश न जाता लहान लहान ठिणग्यांनी उडी मारतो. त्यावर उपाय म्हणून चाकाच्या टोपणात एक छोटी स्प्रिंग बसवीत. (आजच्या मोटारीत चालताना चावी बंद करण्याचा प्रयोग मुळीच करू नये, सुकाणूला कुलूप लागते.)

मार्ग ओळखण्याची युक्ती आणखी सोपी होती. अँटेनाची तार काढून पाहायची. खरखर थांबली, तर ती अँटेनातून येत होती. राहिली, तर ती बॅटरीच्या तारेतून येते आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदल झाला की नाही ते पाहायचे. आपण प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतो, तो हाच.

उपायही भौतिकशास्त्राला धरून होते. प्रत्येक स्पार्क प्लगच्या तारेत १०,००० ओहम किंवा त्याहून अधिक रोध घालत. एवढा रोध घातला तर ठिणगी पडेल कशी, असे कुणालाही वाटेल. पण ठिणगी पेटल्यानंतर वाहणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. ओहमच्या नियमाने रोधावर खर्च होणारा दाब ३०० व्होल्ट भरतो. दहा-वीस हजार व्होल्टांपुढे तो किरकोळ. उलट, ठिणगी पेटते त्या क्षणी तारेत साठलेला भार एकदम मोकळा होतो आणि अब्जांश सेकंदांच्या अवधीत काही अँपिअरांचा झटका बसतो. रेडिओलहरी निर्माण करतो तो हा झटका, आणि रोध नेमका त्यालाच आवर घालतो. इंधन पेटवणारी ठिणगी राहते, कान फोडणारी जाते. डायनामोच्या अग्रावर कपॅसिटर लावून तिथल्या चढउतारांना जवळच्या जवळ वाट करून देत.

हे ज्ञान केवळ गाण्यांसाठी उपयोगी पडले असे नाही. १९३६ मध्ये गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने पोलिसांच्या गाड्यांसाठी 'पोलीस क्रूझर' हा ग्राहक आणला. धावत्या गाडीत सूचना स्पष्ट ऐकू येणे ही तिथे चैन नव्हती. दरम्यान युरोपात रेडिओतील उपद्रवाच्या मोजमापासाठी 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिची पहिली बैठक १९३४ मध्ये भरली. एकाच्या यंत्राने शेजाऱ्याचा रेडिओ बिघडू नये, यासाठी मर्यादा ठरवणे हे तिचे काम. मोटारींसाठी तिची मानके आजही वापरात आहेत.

पोलादी छत

एक अडचण अगदी अनपेक्षित दिशेने आली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक मोटारींच्या छताचा मधला भाग कापडाचा असे आणि त्याला आधार म्हणून तारेची जाळी असे. ही जाळीच अँटेना म्हणून वापरता येई. पण १९३५ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने 'टरेट टॉप' या नावाने संपूर्ण पोलादी छत आणले. छत मजबूत झाले, आणि अँटेना गेला! धातूने वेढलेल्या जागेत बाहेरच्या लहरी शिरत नाहीत, हे फॅरेडेने दाखवलेले तत्त्व इथे आडवे आले. मग काही काळ अँटेना पायरीच्या फळीखाली लावले गेले, आणि अखेर तो आपल्या ओळखीच्या काठीच्या रूपात मोटारीबाहेर आला. मोटार सुधारणाऱ्यांच्या मनात रेडिओ नव्हता; पण एकाची सुधारणा दुसऱ्याची अडचण ठरली.

थरथरणारी पट्टी

कोरड्या बॅटऱ्या वारंवार बदलणे महाग पडे. मोटारीच्या सहा व्होल्टांच्या बॅटरीतूनच दोनशेहून अधिक व्होल्ट मिळवायचे होते. रोहित्राने दाब वाढवता येतो, पण रोहित्राला बदलता प्रवाह लागतो, आणि बॅटरी देते दिष्ट प्रवाह. यावर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'व्हायब्रेटर' हा उपाय आला. विजेच्या घंटेप्रमाणे एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते आणि रोहित्राच्या दोन वेटोळ्यांत आळीपाळीने प्रवाह सोडते. दाब वाढला, की तो पुन्हा दिष्ट करून व्हॉल्वना द्यायचा. मोटारीतल्या रेडिओतून येणारी मंद घरघर ही या पट्टीची.

व्हायब्रेटरने दुरुस्ती करणाऱ्यांना एक मोलाची गोष्ट शिकवली. त्याचे संपर्कबिंदू जळून तो बंद पडे. नवा घातला, की रेडिओ पुन्हा वाजू लागे. पण पुष्कळदा थोड्याच दिवसांत नवाही जळे. कारण खरा रोगी वेगळाच होता. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्यावर एक छोटा कपॅसिटर असतो. संपर्क तुटताना उसळणारा दाब तो झेलतो. तो निकामी झाला, की त्याचा मार व्हायब्रेटरवर बसतो. म्हणून व्हायब्रेटर बदलताना हा कपॅसिटरही बदलायचा, असा या धंद्यात नियमच झाला. जळाले ते बदलणे ही दुरुस्ती नव्हे. का जळाले ते शोधणे ही दुरुस्ती.

शून्य नसलेली भूमी

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटारीचा रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला उच्च दाब नको, म्हणून व्हायब्रेटर निवृत्त झाला. पुढे १९६० च्या दशकात डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली. विल्यम लिअर यांची आठ पट्ट्यांची टेप १९६० च्या दशकाच्या मध्याला फोर्डच्या मोटारींत आली. मग कॅसेट आणि १९८० च्या दशकात सीडी. संच बसवण्याच्या खाचेचे माप ठरले, १८० मि.मी. रुंद आणि ५० मि.मी. उंच; त्यामुळे कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही मोटारीत बसवणे सोपे झाले. आपल्याकडे ॲम्बॅसिडर आणि कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या मोटारींत कॅसेट प्लेअर बहुधा बाजारातूनच बसवून घेतला जाई.

स्टीरिओच्या या काळात नवी तक्रार पुढे आली. संच समोर, मोठा ॲम्प्लिफायर मागे डिकीत, आणि दोहोंना जोडणारी लांब तार. इंजिन सुरू होताच बारीक शिटी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला, की ती चढते. हा आवाज अल्टरनेटरचा. त्याचा त्रिकला प्रवाह डायोडांनी दिष्ट केला, तरी त्यात लहरी उरतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरात एका फेऱ्यास अशा ३६ लहरी येतात. इंजिनाचे मिनिटाला १००० फेरे होताना अल्टरनेटर २००० फेरे घेत असेल, तर वारंवारता सुमारे १२०० हर्ट्झ भरते. कानाला ती सहज ऐकू येते.

पण ही शिटी गाण्यात शिरते कुठून? मोटारीत प्रत्येक उपकरणाला बॅटरीपासून एकच तार येते; परतीची वाट म्हणजे मोटारीचे पोलादी अंग. मेकॅनिक त्याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. फळ्यावर आपण भूमीचे चिन्ह काढतो आणि तिथे दाब शून्य आहे असे सांगतो. मोटारीत मात्र अंगातून वीस अँपिअर वाहत असतील आणि सांध्यांचा व गंजाचा मिळून रोध फक्त ५ मिलिओहम असेल, तरी समोरच्या आणि मागच्या 'शून्यां'त ०.१ व्होल्टचा फरक पडतो. गाण्याचा संदेश असतो साधारण एक व्होल्टचा. या फरकातला स्थिर भाग ऐकू येत नाही, पण त्यावर स्वार झालेले अल्टरनेटरचे चढउतार संदेशाच्या हजाराव्या भागाइतके असले, तरी गाण्यातल्या शांत जागी जाणवतात. म्हणून जाणकार कारागीर अर्थची तार जोडण्याआधी पत्र्यावरचा रंग खरवडतो, आणि शक्यतो सर्व उपकरणांचा अर्थ एकाच ठिकाणी घेतो. संच बदलून ही शिटी जात नाही. अर्थ सुधारून जाते.

तारांच्या अदलाबदलीची गंमतही अशीच. बाजारातल्या संचांना बहुधा पिवळी तार कायम वीज देते आणि लाल तार चावी फिरवल्यावर. या दोन उलट जोडल्या, की संच वाजतो उत्तम, पण मोटार बंद केली, की घड्याळ आणि ठरवलेली केंद्रे विसरतो. ग्राहक संच खराब म्हणून परत आणतो. दोष मात्र जोडणीचा असतो.

दिशा शोधणारी यंत्रे

रस्ता दाखवणारी यंत्रेही या शेजारधर्मातून सुटली नाहीत. होंडाने १९८१ मध्ये जपानात 'इलेक्ट्रो जायरोकेटर' आणला; त्यात पडद्यावर पारदर्शक नकाशे सरकवावे लागत. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅन हनी यांच्या ईटॅक कंपनीने 'नॅव्हिगेटर' विकायला काढला. हाही मागाहून बसवायचा. नकाशे कॅसेटवर असत. उपग्रहांची मदत नव्हती. चाकांवरचे संवेदक अंतर मोजत आणि विद्युत होकायंत्र दिशा सांगे. पण पोलादी मोटार स्वतःच एक दुबळे चुंबक असते. तिचा प्रभाव वजा केल्याशिवाय होकायंत्राचे वाचन निरुपयोगी. शिवाय अंतर व दिशेतल्या बारीक चुका साठत जातात. त्यावर ईटॅकने नामी युक्ती योजली. मोटार रस्त्यावरच असणार, हे गृहीत धरून प्रत्येक वळणावर यंत्र आपली जागा नकाशातील रस्त्याशी जुळवून घेई.

१९९० मध्ये जपानात मोटारींसाठी जीपीएस यंत्रे आली. १९९५ मध्ये उपग्रहांची ही यंत्रणा पूर्ण कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले आणि मे २००० मध्ये नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने काढून टाकली. पण सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून येणारा हा संदेश जमिनीवर एका वॅटच्या, १ वर १६ शून्ये इतक्या भागांपैकी एक भाग एवढाच उरतो. पोलादी छत त्याला सहज अडवते. काही मोटारींच्या काचांवर उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ थर असतो, तोही अडवतो. म्हणजे १९३५ चा छताचा प्रश्न पुन्हा दारात! बोगद्यात संदेश तुटला, की मोटारीत कायम बसवलेल्या यंत्रांना आजही चाकांचे अंतर आणि वळणाचे मापन यांचाच आधार घ्यावा लागतो.

खरखर परत येते

व्हायब्रेटर गेला, असे वर म्हटले. पण त्याचा नातू आज जवळजवळ प्रत्येक मोटारीत आहे. मोबाइल चार्ज करण्याचे छोटे साधन बारा व्होल्टांचे पाच व्होल्ट करते, तेही प्रवाह वारंवार जोडून-तोडून. फक्त सेकंदाला शंभराऐवजी लाखो वेळा. स्वस्त चार्जरमध्ये गाळणी अपुरी असली, तर याच्या पटीतल्या वारंवारता एफएमपर्यंत पोहोचतात. रेडिओ अचानक खरखरू लागला, तर आधी चार्जर उपटून पाहावा.

मोठ्या प्रमाणावर हेच विजेवरच्या मोटारींत घडते. त्यांत ठिणगी नाही, पण मोटरला पुरवायचा शेकडो अँपिअरांचा प्रवाह इन्व्हर्टर सतत जोडत-तोडत असतो आणि त्याचा उपद्रव मध्यमलहरींवर होतो. बीएमडब्ल्यूच्या 'आय३' मध्ये म्हणूनच एएम रेडिओ दिला गेला नाही. २०२३ मध्ये फोर्डनेही एएम वगळण्याचे ठरवले होते. वादळ-पुरासारख्या संकटात दूरवर पोहोचणारा इशारा एएमवरूनच मिळतो, असा आक्षेप अमेरिकेत घेतला गेला आणि त्याच वर्षी फोर्डला निर्णय फिरवावा लागला. नव्वद वर्षांपूर्वी प्रत्येक प्लगच्या तारेत रोध घालून खरखर दाबली होती. आज ती दाबण्याचा खर्च करायचा की रेडिओच काढून टाकायचा, हा प्रश्न आहे; आणि तो केवळ अभियंत्यांचा नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

मध्यमलहरींवर लावलेल्या छोट्या रेडिओजवळ स्वयंपाकघरातला ठिणगीचा गॅस लायटर दाबा. प्रत्येक वेळी 'टक्' आवाज येईल. लायटर दूर नेत जा आणि आवाज कुठे नाहीसा होतो ते पाहा. लागलेला रेडिओ ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा. केंद्र हरवते की नाही? आता शाळेच्या आवारातील एखाद्या मोटारीपाशी मल्टिमीटर घेऊन जा. इंजिन बंद ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राला आणि दुसरे मोटारीच्या अंगावरील उघड्या धातूला लावा. मापक मिलिव्होल्टवर ठेवून दिवे लावायला सांगा. आकडा किती हलला ते विद्यार्थ्यांनाच वाचू द्या, आणि बॅटरी व अंग यांच्यामधल्या जोडणीचा रोध काढायला सांगा. दिव्यांवर लिहिलेल्या वॅटवरून प्रवाह काढता येईल.

उगम, मार्ग आणि ग्राहक हे तीन शब्द या तीन प्रयोगांतून मुलांच्या हाती लागतील. यापुढे एखादे उपकरण चालेनासे झाले, की 'हे बिघडले' असे म्हणण्यापूर्वी त्यांनी त्याच्या शेजाऱ्यांची चौकशी केली, तर मोटारीत वाकून काम करणाऱ्या त्या जुन्या कारागिरांची विद्या त्यांच्यापर्यंत पोहोचली असे समजायला हरकत नाही.